समुद्र डाव्या हाताला ठेवा

सायकलविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना रत्नागिरीच्या आमच्या सदरलेखिकेची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डोंबिवलीचा, वय ३४. सुट्टीच्या दिवशी येऊरच्या वाटांवर सायकल चालवतो. माझी २९ इंची चाकांची हार्डटेल आहे, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे, १२० मिलिमीटरचं. नाताळात आम्ही तिघे मित्र रत्नागिरीला येतोय. नुसता सागरी महामार्ग करायचा नाहीये. सकाळी जिथून निघू तिथेच परत येता येईल, वाट कसाला लावेल आणि समुद्र दिसत राहील असा एखादा फेरा सांगा. कशेळीच्या सड्याबद्दल, म्हणजे तिथल्या जांभ्याच्या उघड्या पठाराबद्दल, ऐकलंय. जीपीएसची फाइल मिळाली तर उत्तम.

उत्तर : कशेळी निवडलीत ते छान केलंत. पण फाइल मी देणार नाही, आणि त्याचं कारण आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला सडा म्हणजे मोकळं रान वाटतं. झाड नाही, घर नाही, कुंपणही धड नाही. सरकारी कागदावर ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग खाजगी मालकीचा आहे. कुणी तिथे गुरं सोडतं, कुणी पावसाळ्यात गवत कापतं, कुणी कातळ फोडून हापूसची कलमं लावतं. गेल्या हिवाळ्यात ज्या वाटेवरून सायकल गेली तिथे या हिवाळ्यात नवा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, उभा असतो किंवा चिरेखाण सुरू झालेली असते. जुनी फाइल लावून, नजर फोनवर ठेवून जाणारा माणूस थेट खाणीच्या तोंडाशी जाऊ शकतो. म्हणून गावात विचारून निघायचं. कशेळीत कुणालाही विचारा, नीट सांगतील. आधी ‘कुठून आलात, कुणाकडे उतरलात’ ही चौकशी होईल. तिला मोकळेपणाने उत्तर द्या. संध्याकाळपर्यंत तुम्ही परतला नाहीत तर शोधायला निघणारीही हीच माणसं असतात.

आता फेरा. रत्नागिरीहून भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, मग मुचकुंदी नदीवरचा पूल ओलांडला की गावखडी. तिथून चढ चढून वर आलात की कशेळीचा सडा. गाडीने या आणि कनकादित्याच्या मंदिराजवळ परवानगी घेऊन गाडी लावा. तिथून पश्चिमेला देवघळीचा समुद्राकडचा कडा, देवघळीहून सड्यावरून उत्तरेकडे गावखडीच्या अंगाला, खाली उतरून सुरूच्या बनात जेवण आणि डांबरी रस्त्याने पुन्हा वर कशेळीला. रस्त्याने हे अंतर किरकोळ आहे. सड्यावरून अर्धा दिवस धरा.

समुद्र डाव्या हाताला ठेवून, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणेच हा फेरा करा. उलटा करू नका. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि मंद असतो. ऊन तापलं की वारा फिरतो आणि दुपारी वायव्येकडून समुद्राचा वारा जोर धरतो. सड्यावर त्याला अडवायला काहीही नाही. उत्तरेकडे जायचा अवघड टप्पा सकाळच्या शांत हवेत उरकला की दक्षिणेकडे परतताना दुपारचा वारा पाठीशी मिळतो. उलटे गेलात तर कड्याजवळच्या अरुंद वाटेवर, दमलेल्या हातांनी, मागून आणि बाजूने येणाऱ्या झोताशी झगडावं लागेल. उजाडताच निघा. डिसेंबरातही अकरानंतर कातळ तापतो आणि सावलीला करवंदाच्या जाळीखेरीज काही सापडत नाही. पाणी माणशी तीन लिटर. वर सड्यावर पाण्याची सोय नाही.

चिरेखाणींबद्दल जरा सविस्तर लिहिते. जांभा करवतीने उभा कापून चिरे काढतात, त्यामुळे खाणीच्या भिंती सरळसोट असतात. उतार नाही, कठडा नाही, आणि बंद पडलेल्या खाणीच्या कडेला गुडघाभर गवत माजलेलं असतं. सायकलवर बसलेल्या माणसाला ते तोंड अगदी जवळ गेल्यावरच दिसतं. काही खाणींत डिसेंबरातही पाणी असतं. फुटक्या चिऱ्यांचा ढीग, तांबडी धूळ, ट्रकच्या चाकोऱ्या दिसल्या की खाण जवळ आहे असं समजा आणि वेग चालण्याइतका करा. गवतातून नवी वाट काढायची नाही. गुरांची आणि माणसांची मळलेली पायवाट असेल तिथूनच चाक न्यायचं. अंधार पडल्यावर सड्यावर सायकल अजिबात नको, डोक्याला कितीही झगझगीत दिवा लावलात तरी.

आता खुद्द कातळ. येऊरची माती आणि मुळं यांची सवय घेऊन आलात तर पहिला तासभर बुजायला होईल. कोरडा जांभा किसणीसारखा असतो. खरखरीत, भोकाभोकांचा, आणि टायरला घट्ट धरून ठेवणारा. काळवंडलेल्या उघड्या कातळावर तुम्ही कल्पना केली नसेल इतकी पकड मिळते. घात होतो तो त्याच कातळावर पसरलेल्या बारीक तांबड्या खड्यांनी. खाली कठीण दगड, वर सुटे गोल दाणे. तिथे वळताना पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटलंच. वेग काय कमी करायचा तो त्या पट्ट्याच्या आधी करा. पट्ट्यावर आलात की ब्रेक सोडा, हँडल सरळ ठेवा, चाकाला वाहू द्या. वळायचं ते पलीकडच्या उघड्या कातळावर.

पाय जड, हात हलके. दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, कोपर बाहेर आणि वाकलेले. बैठक, म्हणजे सीट, खाली घ्या. ड्रॉपर पोस्ट (चालवता चालवता सीट खाली-वर करणारी नळी) नसेल तर देवघळीच्या अलीकडेच सीटची कळ (क्विक रिलीज) सोडून दोनेक इंच उतरवून ठेवा. नजर पुढच्या चाकावर खिळवू नका. खड्डा दिसला आणि त्याकडेच बघत राहिलात तर चाक त्यातच जातं. खड्ड्याच्या पलीकडे जिथे चाक टेकवायचंय तिथे बघा.

टायर २.३ इंचाच्या खाली नकोत. वजन सत्तरच्या आसपास असेल आणि ट्यूबलेस असेल तर हवेचा दाब पुढे २२ आणि मागे २४-२५ पीएसआय पुरे. ट्यूब असेल तर २८ ते ३० ठेवा, नाहीतर कातळाच्या कडेवर रिम आपटून ट्यूबला दोन चिरा पडतात. करवंदाचे काटे सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) सांभाळून घेतं. जांभ्याच्या धारेने टायरची बाजू फाटली तर मात्र सीलंटचं काही चालत नाही. त्यासाठी टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापून धुतलेला तुकडा पिशवीत ठेवा. टायरच्या आतून लावला की गावखडीपर्यंत सुखरूप पोचाल.

समुद्र पाहायचा तेव्हा थांबा, खाली उतरा, सायकल आडवी करा आणि मग पाहा. चालवताना नजर वाटेवर. देवघळीला तर कड्याच्या पुष्कळ अलीकडे उतरायचं. सड्याचा वरचा जांभा कठीण आणि त्याखालचा मातकट थर मऊ. पाऊस आणि लाटा खालचा थर आधी पोखरतात, वरचा कडा पुढे आलेला राहतो. ज्या दगडावर फोटोसाठी पुढचं चाक ठेवावंसं वाटतं त्याच्या खाली आधार आहे की नाही हे वरून कळत नाही. शिवाय कडेकडेने सलग वाट नाही. मध्ये घळी येतात, तिथे आत वळसा घालावा लागतो. त्या वळशात वीसेक मिनिटं समुद्र दिसेनासा होतो आणि मग एका चढावरून एकदम सगळा समोर येतो. मला स्वतःला सलग दिसणाऱ्या समुद्रापेक्षा हे जास्त आवडतं.

आणि कातळशिल्पं. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर प्राणी, पक्षी, जलचर कोरलेले आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, त्यात कशेळी आहे, उक्षी आहे, बारसू आहे, देवाचं गोठणं आहे. दुपारच्या उभ्या उन्हात या उथळ रेषा जवळजवळ पुसल्यासारख्या वाटतात. सकाळच्या तिरप्या उजेडात त्यांच्यात सावली भरते आणि शेपटीपासून सोंडेपर्यंत रेघ डोळ्यांनी धरता येते. म्हणून देवघळीच्या आधी तिथे जा. सायकली लांब ठेवा. खडे रुतलेला टायर त्या रेषांवरून शंभरदा गेला तर काय उरेल ते वेगळं सांगायला नको. पायसुद्धा काठाकाठानेच ठेवा.

गावखडीला पोचल्यावर वाळूवर सायकल घालण्याचा मोह होईल. नको. हिवाळ्यात या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. ते बाजूला ठेवलं तरी खारं पाणी बेअरिंगमध्ये गेलं की सायकलचं पुढचं वर्ष वाया जातं. सुरूच्या बनात बसा, जेवा, तासभर पडा, आणि मग रस्त्याने चढ घ्या. अंगात दम उरला असेल तर पूल ओलांडून पूर्णगडावर जाऊन या. किल्ला लहानसा, पण समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर डोकावलंत तर सबंध सकाळ कुठल्या कडेने आलात ते दक्षिणेला दिसेल.

प्रश्न : मी कोल्हापूरची, वय ४७, शिक्षिका. रोडबाइकवर कोल्हापूर–गोवा केलंय, घाट चढायला भीती वाटत नाही. मुलाची माउंटन बाइक घेऊन हल्ली कच्च्या वाटांवर जाते. कोकणात सड्यावरून वाडीत उतरणाऱ्या पाखाड्यांवरून तरुण मुलं सायकलवर धाडधाड उतरतात, त्याचे व्हिडिओ पाहिले. मला ते शिकायचंय, पण पायऱ्या दिसल्या की हात गोठतात. या वयात जमेल का?

उत्तर : जमेल. वयाचा प्रश्नच नाही, सवयीचा आहे. घाट उतरताना तुमचे हात जे शिकले त्यातलं निम्मं इथे विसरावं लागेल, एवढंच. रोडबाइकवर वजन हातांवर असतं आणि बैठक उंच. पायरीवर याच दोन गोष्टी माणसाला हँडलवरून पुढे फेकतात.

सुरुवात एकाच पायरीने करा. वीतभर उंचीची, पुढे मोकळी सपाट जागा असलेली. तुमच्या शाळेच्या मैदानाची पायरीही चालेल. बैठक पूर्ण खाली. पेडलवर उभ्या राहा, पेडल आडवे. पायरीच्या अलीकडे वेग चालण्यापेक्षा किंचित जास्त ठेवा. फार हळू गेलं की पुढचं चाक पायरीशी अडतं आणि तोल जातो, आणि बहुतेक जण तिथेच पडतात. चाक खाली जायला लागलं की हात लांबवून हँडल चाकाबरोबर खाली जाऊ द्या, कमर मागे. कोपर कधीही पूर्ण सरळ नकोत. पुढच्या ब्रेकला घाबरू नका, पण दाबायचा तो एका बोटाने, चाक सपाटीवर असताना, आणि कडेवरून घसरताना सोडायचा. एक पायरी झोपेतही जमेल अशी झाली की दोन, मग तीन. घाई करू नका, आणि मुलगा सोबत असेल तर त्याला खाली उभं राहून बघायला सांगा. हात कधी गोठतात ते त्याला दिसेल, तुम्हाला कळणार नाही.

आता व्हिडिओतल्या पाखाड्यांविषयी. इथे मी मुलांच्या बाजूने नाही, आणि हे अनेकांना आवडत नाही. पाखाडी हा वाडीचा जिना आहे. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही अंगांना गडगे, वर पोफळींची सावली, आणि मधूनच कुणाच्या तरी अंगणात उघडणारं बेडं, म्हणजे फाटक. त्यावरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई वर येत असते, शाळेतली पोरं खाली जात असतात. वळणापलीकडचं दिसत नाही. त्या बाईला बाजूला सरायला गडग्यामुळे जागाही नसते. शिवाय सारखे ब्रेक लावून सायकली घसरवल्या की पायऱ्यांचे चिरे हलतात. ते पुन्हा बसवायचं काम वाडीतल्या माणसांनाच करावं लागतं. म्हणून वस्तीतली पाखाडी आली की उतरायचं आणि सायकल हातात धरून चालत जायचं. समोरून कुणी आलं की सायकल गडग्याच्या बाजूला घेऊन आधी त्यांना जाऊ द्यायचं.

शिकायला सड्यावर नैसर्गिक पायऱ्या मुबलक आहेत. कातळाचे थर वीत-दीड वीत उंचीने उतरत जातात, पुढे मोकळी जागा असते, आणि कुणाच्या पायात येत नाही. पायवाटेला लागून अशी जागा निवडा. आधी चालत जाऊन खाली टेकायची जागा हाताने चाचपून पाहा, सुटे खडे बाजूला करा, आणि मग सायकल. गुडघ्याला आणि कोपराला पॅड हवेतच. जांभ्यावर साधं घसरलं तरी कातडी सोलून निघते, आणि त्यात तांबडी माती भरली की जखम धुताना डोळ्यांत पाणी येतं.

प्रश्न : ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर फुलांचे गालिचे असतात असं वाचलं. तेव्हा सायकल घेऊन येणं कसं? (पुण्याहून एक दांपत्य)

उत्तर : या, जरूर या. सायकल रस्त्यावर ठेवून पायी सड्यावर जा.

भरून आलेला समुद्र, खाली ढग, निळसर सीतेची आसवं, पांढऱ्या गेंदांचे पट्टे, आणि जूनच्या पहिल्या पावसांनंतर दिपकाडीची पांढरी फुलं. ही दिपकाडी कोकणातल्या कातळाबाहेर आढळत नाही. पण यातलं बरंचसं बोट-दोन बोटं मातीच्या थरावर उगवतं. तो थर कातळाच्या खळग्यात वर्षानुवर्षं साठलेला असतो. ओल्या मातीत टायरची एक चाकोरी पडली की पुढच्या सरीत पाणी तिथूनच वाहतं आणि माती घेऊन जातं. खाली उरतो नुसता दगड.

सायकलस्वाराच्या दृष्टीनेही तेव्हा सडा वाईट. हिवाळ्यात टायरला घट्ट धरणारा तोच काळा कातळ पावसाळ्यात शेवाळाने बुळबुळीत होतो, चालतानासुद्धा पाय जपून टाकावा लागतो. नोव्हेंबरात गवत पिवळं पडून वाळलं आणि शेवाळ सुकून खरवडून निघालं की सायकलचा हंगाम सुरू. फेब्रुवारीपर्यंत तो चांगला. मार्चपासून ऊन, आणि आंब्याचा हंगाम. बागांमध्ये राखणदार असतात, कुत्रे असतात, फवारण्या चाललेल्या असतात. तेव्हा बागेतून जाणारी वाट टाळलेलीच बरी.

प्रश्न : मी देवरूखचा, कॉलेजात शिकतो. जुनी स्टील फ्रेमची माउंटन बाइक घेतली आहे. दर रविवारी किनाऱ्याकडे नेतो. दोन महिन्यांत चेन तांबडी झाली आणि आता सीटपोस्ट (सीटखालची नळी) हलत नाही. काय करू?

उत्तर : सीटपोस्ट आधी. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची नळी आणि भोवती खारी हवा, हे एकत्र आलं की दोन धातू एकमेकांना धरतात. जोर लावून पिळू नकोस, फ्रेम फाटेल. सीट क्लॅम्प पूर्ण सोड, जोडावर गंज सोडवणारं तेल घाल आणि रात्रभर राहू दे. सायकल उलटी करून तळाच्या बाजूने, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचा भाग) काढून, आतूनही तेल सोडता येतं. दुसऱ्या दिवशी सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी हलकेच फिरवत राहा. पहिली करकर ऐकू आली की अर्धं काम झालं. निघाल्यावर आतला पांढरा चुरा कापडाने पुसून काढ, ग्रीस लाव आणि दर महिन्याला एकदा पोस्ट बाहेर काढून पुन्हा ग्रीस लावून बसव. पेडलच्या आट्यांना, बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूंनाही हेच. तेलाने दोन-तीन दिवसांत हललं नाही तर मात्र मेकॅनिककडे दे.

चेनवर दोन वेगळे मारे होतात आणि लोक दोन्ही एकच समजतात. मीठ गंज चढवतं आणि सड्याची तांबडी धूळ तेलात मिसळून चेन झिजवते. भरपूर तेल ओतलं की गंज थांबतो, पण तेवढीच जास्त धूळ चिकटते. तेव्हा किनाऱ्यावरून घरी आलास की लगेच गोड्या पाण्याने हलक्या धारेने सायकल धू. जोराचा फवारा हबवर मारू नकोस. चेन कापडात धरून उलटी फिरवत कोरडी कर. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब तेल, पाच मिनिटं थांबून वरचं सगळं पुसून टाक. चेन बाहेरून कोरडी दिसली पाहिजे, तेल आतल्या पिनेला हवं. हे करताना डिस्क ब्रेकच्या तबकडीवर थेंबही उडू देऊ नकोस. उडालाच तर स्पिरिटने पुस, आणि पॅडला लागला असेल तर पॅड बदलल्याशिवाय सड्यावर जाऊ नकोस.

चेन बदलायला आली का ते पाहायला फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या १२ पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) बरोबर १२ इंच भरतात. इंचाच्या सोळाव्या भागाइतकी वाढ दिसली तर चेन गेली, आणि तशीच चालवलीस तर मागची दातेरी चाकंही खाऊन टाकेल. नवी चेन त्यापेक्षा खूप स्वस्त पडते.